घरातलं एकुलतं एक हृदय

आमच्या घरात हृदय एकट्या सासऱ्यांना होतं. आम्हां बायकांना नुसतं पोट.

तेव्हा मोगलाई होती, निजामाचं राज्य. औरंगाबादेत गुलमंडीच्या मागं आमचं घर, आणि सासरे जिल्हा कचेरीत पेशकार. एकदा कचेरीतच त्यांच्या छातीत कळ आली, तर लोकांनी टांग्यात घालून घरी आणलं. हैदराबादेत शिकून आलेला एक डॉक्टर गावात होता. त्यानं नळी लावून तपासलं आणि सांगितलं, हा दिलाचा आजार. वर असंही म्हणाला, की हे दुखणं तिकडं हैदराबादेत बड्या साहेबलोकांत दिसतं, इकडं आपल्या भागात क्वचित, अन् बायकांत तर नाहीच. झालं. सरकारनं खिताब द्यावा तसा सासऱ्यांनी तो आजार मिरवला. येईल त्याला सांगायचे, आपलं दुखणं हैदराबादचं आहे म्हणून. मग काय, त्यांनी जिना चढायचा नाही, घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, पाटावर बसले की गरम ताट पुढ्यात आलं पाहिजे. आणि हे सगळं करणार कोण, तर सासूबाई.

सासूबाईंचं स्वतःचं दुखणं मला कळलं ते वेरूळच्या रस्त्यावर. श्रावणी सोमवारी बैलगाडीनं घृष्णेश्वराला निघालो होतो. दौलताबादचा घाट लागला, बैल दमले, तशा आम्ही बायका खाली उतरलो. सासरे गाडीतच, लोडाला टेकून. हृदय नाजूक ना त्यांचं. सासूबाई थोडं चालायच्या अन् थांबायच्या. ओठ पांढरे पडलेले, डावा हात उजव्यानं दाबून धरलेला. विचारलं तर म्हणाल्या, "छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं होतं गं. थांबलं की जातं." कधीपासून, तर सासऱ्यांचं दुखणं निघालं त्याच्याही आधीपासून. मला लई भ्या वाटलं. आईंना गाडीत घ्या असं मी म्हणाले, तर सासरे म्हणाले, बैलांना ओझं होईल.

घरी आल्यावर मी नवऱ्याच्या मागं लागले की आईंना डॉक्टरला दाखवा. आता आमच्यातली रीत ऐका. बाईचं दुखणं डॉक्टरला पुरुषानं सांगायचं, बाहेर ओसरीवर, बाई आत. आणि परक्या पुरुषापुढं घरच्या बाईच्या छातीचं नाव काढणं म्हणजे बेअब्रू. डोकं, हातपाय आणि पोट, एवढंच अंग बायकांना मंजूर होतं. मी नवऱ्याला छाती सांगितली. त्यांनी वडिलांना 'जरा वरच्या अंगाला दुखतं' म्हणून सांगितलं. आणि सासऱ्यांनी डॉक्टरपुढं खुशाल त्याचं पोट करून टाकलं. वायू धरतो म्हणाले. डॉक्टरनं चूर्ण दिलं. बाई भिंतीपलीकडं बसलेली, पण हा शहाणा काही उठून बघायला गेला नाही.

शेजारच्या मुसलमान घरातल्या खालाला आमचे पुरुष हसायचे, गोशातली, पडद्यात राहणारी म्हणून. पण तिचा हकीम आला की ती पडद्याआडून मनगट पुढं करायची आणि कुठं दुखतं ते स्वतःच्या तोंडानं सांगायची. आमच्यात गोशा नव्हता म्हणे. कशाचा रुबाब करत होते कुणास ठाऊक.

चूर्णानं काय होणार, कपाळ? सासूबाई पाणी शेंदता शेंदता विहिरीच्या काठाला बसायला लागल्या, तशी चूल अन् जातं मी माझ्याकडं घेतलं. पुढच्या खेपेला डॉक्टर सासऱ्यांना तपासायला आला, तेव्हा मी सरळ दारात जाऊन उभी राहिले.

"पोटात नाही, छातीत दुखतं त्यांना. कळ डाव्या हातात जाते. तुम्ही आत येऊन बघा."

सासऱ्यांनी मान अशी खाली घातली, जशी काही मी पदर टाकून भर बाजारात नाचले होते. डॉक्टर मात्र हसला. हे मनाचं आहे म्हणाला. घरात कुणाला मोठा आजार असला की बायकांना आपल्यालाही तोच झाल्यासारखं वाटतं. झोपेचं औषध लिहून दिलं आणि निघाला. मोठी मोठी पुस्तकं वाचून आला होता मेला. त्यांत बाईचं काळीज कुठं असतं तेवढं लिहिलेलं नसावं. त्यानंतर सासऱ्यांनी माझ्या हातचं जेवण सोडलं. त्यांना राग आला होता, आणि त्या रागाची शिक्षा झाली सासूबाईंना. पुन्हा चूल, पुन्हा जातं, सगळं त्यांच्याच गळ्यात. मी आजही त्या माणसाला माफ केलेलं नाही.

थंडीचे दिवस होते. सकाळी सासूबाई चुलीपुढं बसल्या होत्या, फुंकणी हातात. छाती धरली, भिंतीला टेकल्या आणि गेल्या. मी हाका मारल्या, हलवलं, तोंडात पाणी घातलं. ते ओघळून बाहेर आलं. मी हंबरडाच फोडला असता, पण नवऱ्यानं माझ्या तोंडावर हात दाबला. डॉक्टरला मागच्या दारानं आणलं. इतक्या वर्षांत त्या दिवशी त्यानं सासूबाईंना पहिल्यांदा बघितलं. आणि सल्ला काय दिला, तर ही बातमी एकदम सांगू नका, सासऱ्यांच्या दिलाला सोसायची नाही. आधी त्यांना काही खाऊपिऊ द्या, मग हळूहळू सांगा. तोवर घरात कुणी रडायचं नाही.

कुणी रडलं नाही. चहाचं आधण सासूबाईंनीच ठेवलेलं होतं. तो चहा मी गाळला आणि ओसरीवर नेऊन दिला. सासऱ्यांनी घोट घेतला, कडू झालाय म्हणाले, आणि ती कुठंय म्हणून विचारलं. मी म्हणाले, जरा पडल्यात.

"या वेळेला?" ते म्हणाले. "बरंय बुवा बायकांचं."