जानेवारीतल्या कुरडया

आमच्या गल्लीत कुणाच्याही अंगणात वाळवण पडलं की शेवटचा शब्द माझ्या आईचा असायचा. तिला बोलवावं लागत नसे. पाणी आणायला निघाली की वाटेतच थांबायची, कुणाच्याही साडीवर वाळत घातलेली कुरडई उचलायची, उजेडाकडे धरायची आणि त्या बाईच्या तोंडावर सांगायची, "चीक कच्चा काढलास." नाहीतर, "गहू दोनच दिवस भिजवलेस ना गं? लबाडी कुणाशी करतीस?" बायका फणकारायच्या, पण पुढच्या वर्षी चीक शिजवताना हाक तिलाच मारायच्या.

मला मात्र तिनं असं कधी काही म्हटलं नाही. माझ्या पोळीचा नकाशा झाला तरी "छान". चहात साखर विसरले तर "छान, बिनसाखरेचाच बरा असतो." कारण मी शिकत होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी पहिली मीच. वाळवण आणि वार्षिक परीक्षा नेमक्या एकाच दिवसांत यायच्या. बाहेर अंगणात सोऱ्या फिरत असायचा, बायकांची चेष्टा-मस्करी चाललेली असायची आणि मी आतल्या खोलीत दार लावून वाचत बसलेली. मधेच दार किलकिलं व्हायचं. आईचा हात आत यायचा. हातात वाटी, वाटीत गरम चीक, वर तूप-साखर. "खा आन् वाच," एवढंच बोलून दार पुन्हा बंद.

त्या बंद दारामागेच मी रसायनशास्त्राची पदवीधर झाले. त्या पदवीवर नोकरी मिळाली, मस्कत मिळालं, अल अमेरातमधलं हे घर मिळालं. या उपकाराची फेड कशानं करायची ते मला अजून कळलेलं नाही. पण तिशी उलटल्यावर त्या दाराची दुसरी बाजूही लक्षात आली. आई ज्यात सगळ्या गल्लीची गुरू होती, त्यातलं मला काहीच येत नव्हतं. दरवर्षी तिच्याकडून कुरडयांचा डबा यायचा आणि मी तो नुसता तळून संपवायची.

मग न्हाणीत पाय घसरून आईचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण मनगट पूर्वीसारखं वळेना. मी सुट्टीत घरी गेले तेव्हा पितळी सोऱ्या मोरीच्या फळीवर उलटा ठेवलेला दिसला.

"आता वाळवण बंद," आई म्हणाली. "दुकानात सगळं मिळतंय."

"मला शिकव. मी करते."

"तू? एवढी शिकलीस ती काय चीक ढवळायला?"

मी हट्टच धरला. शेवटी तिनं सोऱ्या पुसून माझ्यापुढे ठेवला. "ने. इथं भंगारातच जायचाय." करायचं कसं ते मात्र चार वाक्यांत सांगून टाकलं, जणू मला ते खरोखर लागणारच नव्हतं. विमानतळावर तपासणी करणाऱ्यानं सोऱ्या उलटसुलट करून विचारलं, "ये क्या है?" माझा नवरा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "नूडल्स की मशीन." सोऱ्या सुटला.

खरं सांगायचं तर मला नुसत्या कुरडया नको होत्या. मला त्या आईकडून शिकायच्या होत्या, तिच्या जिभेला धार आहे तोवर. त्यासाठी तिनं गल्लीतल्या बायकांसारखं मलाही एकदा "चुकलीस" म्हणायला हवं होतं. ते तिच्या तोंडून वदवून घ्यायचंच, असं मी परतीच्या विमानात ठरवून टाकलं.

पुढच्या एप्रिलमध्ये मी मस्कतमधल्या रुवीच्या बाजारातून गहू आणले आणि भिजत घातले. इथल्या उन्हाबद्दल भारतातल्या सगळ्यांचं एकच मत असतं: "तुमच्याकडे काय, ऊनच ऊन! वाळवणाला काय तोटा?" मलाही तसंच वाटत होतं. पण उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी चहा करायच्या लायकीचं असतं. म्हणून तर आम्ही इथे उन्हाळ्यात गीझर बंद ठेवतो आणि आंघोळीला गार पाणी गीझरमधूनच घेतो. ही युक्ती नव्यानं आलेल्या प्रत्येकाला मी स्वतः सांगते, पण गहू भिजवताना मलाच ती आठवली नाही. दुसऱ्याच दिवशी घरभर आंबूस वास सुटला. नवरा कामावरून आला आणि दारातच थबकला. "कुणी मेलंय का घरात?"

"गहू आहेत."

"खलास झालेत मग."

तरीही मी नेट सोडला नाही. चीक काढला, शिजवला आणि गच्चीवर प्लास्टिक अंथरून कुरडया घातल्या. ऊन असं की दुपारपर्यंत त्या खडखडीत झाल्या. दिसायला इतक्या देखण्या की मी फोटो काढून इथल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर टाकला. हा ग्रुप घरी केलेल्या वस्तू आणि पदार्थांसाठीच आहे. कुणी बाटल्यांचे दिवे करतं, कुणी एसीच्या पाण्यावर बाल्कनीत अळू वाढवतं, कुणी खजुराच्या पोळ्या करतं. माझ्या फोटोखाली "वॉव", "सुगरण", "तोंडाला पाणी सुटलं" यांची रांग लागली. आईलाही फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं: "लई छान."

संध्याकाळी मी त्या तळल्या. कडा पांढऱ्याशुभ्र फुलल्या आणि मधला भाग पिवळट काडीसारखा तसाच राहिला. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी मालवणकडच्या. त्यांना बशीभर नेऊन दिल्या. त्यांनी एक तुकडा तोंडात टाकला, जबडा एकदा डावीकडे नेला, एकदा उजवीकडे, आणि हळूच पदराआड काढून ठेवला.

"गो बाय," त्या म्हणाल्या, "आमच्यात ह्यां कोण करीत नाय. पण दात आमकाय आसत."

मला इतकं हसू आलं की मी त्यांच्या दारातच खाली बसले. त्या एका वाक्यात जेवढा उपयोग होता तेवढा ग्रुपवरच्या सगळ्या "वॉव"मध्ये मिळून नव्हता.

मी मस्कतच्याच मदिनत सुलतान काबूस भागातल्या एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. तिथली मुलं हुशार आहेत, पण त्यांना एक खोड आहे. प्रयोगात जे दिसलं ते लिहीत नाहीत, पुस्तकाप्रमाणे जे दिसायला हवं होतं ते लिहितात. द्रावणाचा रंग बदललेलाच नसतो आणि यांच्या वहीत तो गुलाबी झालेला असतो. मी त्यांना रोज सांगते, फसला असेल तर फसला असं लिहा, कुठे फसला ते त्यातूनच सापडतं. आणि मी स्वतः मात्र ग्रुपवर गुलाबी रंग टाकून मोकळी झाले होते.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी लिहिलं: "कालच्या कुरडया फसल्या. फोटो सुंदर होता, कुरडई नव्हती. गहू गरम पाण्यात आंबट झाले आणि ऊन इतकं की वरून कडक, आतून कच्च्या. समोरच्या वहिनींचा दात थोडक्यात वाचला. कुणाचं असं झालंय का? खरं सांगा."

अर्धा दिवस ग्रुप चिडीचूप. मला वाटलं, मी काहीतरी अभद्र बोलून बसले. मग पुण्याच्या एक बाई, ज्यांचे फोटो मासिकात छापावेत असे असतात, त्यांचा निरोप आला: "माझे साबुदाण्याचे पापड गेल्या मे महिन्यात दगड झाले होते. मी टाकला तो फोटो त्याच्या आधीच्या वर्षीचा, माहेरच्या पापडांचा होता."

त्यानंतर मात्र बांध फुटला. कुणाचा बटाट्याचा कीस काळा पडला होता. कुणाच्या सांडग्यांना समुद्राच्या दमट हवेनं बुरशी आली होती. कुणी गच्चीवर एसीच्या यंत्रांसमोरच चकल्या वाळत घातल्या होत्या आणि त्यांना धुळीचा लेप बसला होता. एकीनं लिहिलं, "सासूबाईंना सांगितलं, कबुतरांनी खाल्लं." इतकं मोकळं हसताना मी त्या ग्रुपला कधी पाहिलं नव्हतं.

मी ते सगळं पुन्हा एकदा नीट वाचलं आणि एक गोष्ट डोळ्यात भरली. फसलेलं सगळं एप्रिल-मे मधलं होतं. रुवीतल्या एका बाईंचे सांडगे तेवढे उत्तम झाले होते. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "मी डिसेंबरात करते हो. मे महिन्यात आम्ही गावी असतो ना, मग करणार कधी?" त्यांना स्वतःलाही त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

आम्ही सगळ्या देश सोडून आलो होतो, पण वाळवण चैत्र-वैशाखात करायचं हे डोक्यातून सुटलं नव्हतं. इथे त्या दिवसांत ऊन पदार्थ वाळवत नाही, भाजून काढतं. वरची साल आधी कडक होते आणि आतली ओल आतच कोंडते. आमच्या गावच्या चैत्रासारखं निवांत, मायेचं ऊन इथे पडतं ते थंडीत.

आता जानेवारीत करीन असं आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "जानेवारीत? संक्रांतीला कुणी वाळवण करतं का? लोक हसतील."

"इथे कोण बघतंय?"

"मग कर. छानच होईल."

पुन्हा छान! मी फोन ठेवला आणि दात-ओठ खाऊन जानेवारीची वाट पाहिली.

त्या काळात नवऱ्यानं जुन्या खिडकीची जाळी आणि प्लंबिंगचे उरलेले पाइप जोडून वाळवणासाठी एक चौकट केली. तिचा फोटो टाकताच ग्रुपवर आता खरे शेरे आले. एकीनं सांगितलं, खाली विटा ठेवा, नाहीतर वारा खेळणार नाही. दुसरीनं सांगितलं, बांधून ठेवा, माझी उडून शेजारच्या बंगल्यात पडली होती. आम्ही विटा ठेवल्या आणि चौकट पाण्याच्या टाकीच्या पायांना बांधली.

जानेवारीत नळाचं पाणी गार होतं. गहू तीन दिवस शहाण्यासारखे भिजले. रोज पाणी बदललं, वाटले, पिळले, चीक रात्रभर निवळायला ठेवला. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी तो शिजवायला घेतला तेव्हा माझी मुलगी स्वयंपाकघरात डोकावली. तिच्या मराठीला इंग्रजीची काठी लागते.

"आई, धिस इज ग्लू?"

"खाऊन बघ."

तूप-साखर घातलेल्या चिकाचा एक घास तिनं संशयानं घेतला. मग वाटी पुढे केली. "मोअर दे ना." आणि वाटी घेऊन ती तिच्या खोलीकडे निघाली.

"इथेच उभी राहून खा," मी म्हटलं. "आणि मी काय करते ते बघ."

कुरडया दोन दिवस हळूहळू वाळल्या. तळल्या तेव्हा कढईभर फुलल्या. वहिनींनी पहिली खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी उचलत म्हणाल्या, "आता बरां झालां. पण जेवताना सोलकढीवांगडा नको हां." नवऱ्यानं कढईजवळ उभ्याउभ्याच संपवल्या. पण माझी परीक्षा अजून बाकी होती. नवऱ्याचा एक सहकारी सुट्टीवर आमच्याच भागात जात होता. त्याच्याबरोबर मी आईला डबा पाठवला. इतकी वर्षं डबा तिकडून इकडे यायचा, तो पहिल्यांदाच उलटा निघाला.

डबा पोचला त्या दिवशी आईनं व्हिडिओवर फोन केला. तोंडात कुरडई होती. "छान," ती म्हणाली.

"आई," मी म्हटलं, "शेजारणीला सांगतेस तसं सांग."

"आगं, एवढ्या लांबनं पाठवलंस—"

"परीक्षा कधीच झाली माझी. आता सांग. मला शिकायचंय."

तिनं डब्याचं झाकण लावायला घेतलं. मला वाटलं, हेही फसलं. मग तिनं डाव्या हातानं डब्यातली एक न तळलेली कुरडई उचलली आणि खिडकीच्या उजेडाकडे धरली. ते धरणं पाहताच मी खुर्चीत सरळ बसले.

"मधी हात थांबवला व्हतास का?"

"एक फोन आला होता."

"फोन? चीक शिजताना फोन?" तिचा आवाज चढला. "ही बघ गाठ. ही दुसरी. मीठ पुढं झालंय. सोऱ्या दाबून भरला न्हाईस, म्हणून तार तुटलीय जागोजागी. आन् हिंग कुठाय? पगार मिळतो ना तुला? एवढं शिकून चीक कच्चा काढलास की गं!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि हसूही आवरेना.

"हसतीस काय? पुन्हा भिजव गहू. थंडी हाय तवर कर. आन् फोन समोर ठेव, मी बघते."

मी त्याच संध्याकाळी गहू भिजवले. चीक शिजवायच्या सकाळी फोन मसाल्याच्या डब्याला टेकवून ओट्यावर उभा केला. पडद्यावर आई, दुखरा हात मांडीवर, बरा हात हवेत गोल फिरत होता, जणू चाटू तिच्याच हातात आहे. मुलगी माझ्या कोपराशी वाटी घेऊन उभी होती. चीक घट्ट व्हायला लागला, माझा दंड भरून आला आणि मी जरा दम घ्यायला मान वर करून पडद्यावरच्या आईकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस?" आई ओरडली. "पातेल्यात बघ. ढवळ!"