फिल्टरच्या तोंडचा कापूस

हे मी माह्या बायकोलेही सांगतलं नाही. देवापुढंही पुरतं बोललो नाही — तिथं हात जोडतो, अन् दुसरंच काहीबाही बोलून मोकळा होतो. आज तुमच्यापाशी बोलून राह्यलो. तुमच्यापाशीच काहून? तुम्ही धनराजभौले ओळखत नाही, म्हणून असन. ओळखत असते तर माही जीभ उचललीच नसती.

पहिले त्याचं सांगतो, नाही तर सारी गोठ उलटी पडते. मी दारव्ह्याजवळच्या कास्तकाराच्या घरचा. बारावीत नापास झालो, अन् बाप म्हणे, चाल आता वावरात. धनराजभौ बाजूच्या तांड्यातला, माह्याहून मोठा, दारव्ह्यात गाड्यांची वायरिंग करे. मी त्याच्यापाशी नुसता जाऊन बसो. एक दिवस तो आमच्या घरी आला अन् बापाले म्हणे, "काका, या पोराचा कान इंजिनाले लागते. याले माह्याकडे द्या." बाप काही ऐकेना. भौ उठलाच नाही. चहा झाला, जेवण झालं, तरी हा आपला बसून! शेवटी बापच कंटाळला. आज माह्या हातात जे काही हाये, ते त्या बसण्यातून आलं. त्याच्या याडीनं — आईले ते याडी म्हणतात — मले पोटच्या पोरासारखं जेवू घातलं. किती सांगू बाप्पा!

मंग आम्ही दोघांनी यवतमाळले गॅरेज टाकलं. साध्या गाड्या तर सारेच करतात, आमच्याकडे पोट्टे टर्बो बसवायले येत. इंजिन मी पाहो, वायरिंग तो. भौनं ओढलेली वायर पुन्हा पाहावी लागत नाही, हे साऱ्या जिल्ह्यात ठाऊक होतं. त्याले दुसरी कायची ऐट नव्हती — पण त्या एका गोष्टीची होती.

वणीचा प्रफुल्ल — घरचे कोळशाचे ट्रक असलेला — आपली पेट्रोल गाडी घेऊन आला. आम्ही मोठा टर्बो बसवला. इंजिनात हवा जास्त गेली का पेट्रोलही जास्त लागते, म्हणून टाकीतला पंप मोठा टाकला. पंपाले बॅटरीवरून वेगळी जाड वायर, वेगळा रिले — हे भौचं काम. टाकी उतरवणं, पाइप जोडणं — हे माहं. गाडी अशी पळाली, का विचारू नका.

काही दिवसांनी प्रफुल्लचा फोन आला. वणीच्या रस्त्यावर ट्रकले ओव्हरटेक करून राह्यला होता, समोरून बस, अन् गाडीनं ऐन वेळी दम सोडला. पोट्ट्यानं गाडी सरळ तुरीच्या वावरात घातली, म्हणून वाचला. बाजूले बायको बसली होती. तीही वाचली.

दुसऱ्या दिवशी तो अन् त्याचा बाप गाडी घेऊन आले. आम्ही पेट्रोलचं प्रेशर दाखवणाऱ्या गेजची नळी बॉनेटातून बाहेर काढली, गेज काचेवर चिकटवलं. भौ गाडी चालवे, मी काटा पाहो. उभ्या गाडीत काटा जागचा हालेना. तिसऱ्या गिअरात पुरा पाय दाबला, का काटा खाली! असं झालं का दोन गोष्टी पहिले पाहाव्या — पंपाले करंट कमी पडते, नाही तर पेट्रोलच्या वाटेत काही अडकलं हाये. एक त्याच्याकडची, एक माह्याकडची. भौ काय म्हणाला, माहीत हाये? "पहिले माही वायर पाहू, गजू." असाच होता तो! करंट मोजायचं मीटर कोणी मागून नेलं होतं, ते आणायले गेला.

तेवढ्यात मी पेट्रोलचा फिल्टर खोलला. कायले खोलला? मनात पाल चुकचुकलीच होती.

फिल्टरच्या तोंडाशी कापसाचा बोळा होता. भिजलेला, चपटा. माहाच. सीतादही झाल्यावर — वेचणी सुरू करायच्या आधी वावरात आमच्या बाया पूजा करतात ती — आईनं पहिला वेचलेला मूठभर कापूस गॅरेजातल्या देवापुढं ठेवायले दिला होता. टाकी उतरवली तव्हा पाइपात धूळ जाऊ नये म्हणून मी त्यातलाच बोळा लावला. आमच्याकडे कान दुखो का वात वळायची असो, हात कापसाकडेच जाते. म्हटलं, देवापुढचा हाये, चांगलंच होईन! अन् काढायचा विसरलो. पेट्रोलसंगं सरकत तो फिल्टरपाशी येऊन अडकला. हळू चालवली का त्यातून पेट्रोल झिरपे, जोरात पळवली का पुरत नसे.

इथपर्यंत चूक हाये. चूक कोणाच्या हातून होत नाही? पण पुढचं — पुढचं चूक नाही.

बाहेर प्रफुल्लचा बाप ओरडून राह्यला होता, कोण्या नालायकानं केलं हे म्हणून. मी बोळा खिशात कोंबला, फिल्टर परत बसवला. तेवढ्यानं भागलं असतं का? नाही. कोणीतरी एक दाखवायले पाहिजे होता. मी मागची सीट उचलली, पंपाच्या वायरची पिन पाह्यली. घट्ट होती. अशी घट्ट, का पकडीनं जोर लावून ओढावी लागली. मी ओढली. सैल केली, अर्धी आत ठेवली. भौ आला तव्हा म्हटलं, "हे पाह्य भौ."

त्यानं पिन बोटानं हालवून पाह्यली. मले एक शब्द विचारला नाही. गजू सांगते म्हणजे तसंच असन — एवढा भरोसा! बाहेर जाऊन म्हाताऱ्यापुढं हात जोडले. "माही चूक हाये. तुमचा पोरगा, तुमची सून माह्या हातानं गेली असती." म्हातारा त्याले काय काय बोलला, ते माह्यानं सांगवत नाही. त्याच्या तांड्यावर गेला, जातीवर गेला. मी बाजूलेच उभा होतो. खिशातलं पेट्रोल मांडीले लागून चरचरत होतं.

भौनं वायरिंग सोडली. पकड, मीटर, सारं माह्या हवाली केलं अन् पुसदले जाऊन टायरचं दुकान टाकलं. घरचा पंखा बंद पडला तरी माणूस बोलावते, असं वहिनी सांगते. अन् माहं? माहं नाव झालं. प्रेशरचं काम असन तर गजूकडे जा, म्हणतात लोक. त्याचंच मीटर हातात घेऊन मी काम करतो. त्याचे उपकार आठवले नाही असा दिवस जात नाही. ढोंग वाटन तुम्हाले. वाटो! पण ज्या माणसाचं मी हे केलं, त्याच्यावर माहा जेवढा जीव हाये तेवढा सख्ख्या भावावर नाही.

यंदा दसऱ्याले नव्या शेडची पूजा केली. भौ पुसदहून पेढे घेऊन आला. साऱ्यांपुढं माह्या खांद्यावर हात ठेवून म्हणे, "या पोरानं मले वाचवलं. यानं तव्हा ती पिन शोधली नसती, तर मी तसंच काम करत राह्यलो असतो, अन् कोणाचा तरी जीव घेतला असता. गजू, तुहे लय उपकार हाये." त्याचे डोळे भरून आलते. खरंच आलते.

सारे आमच्याकडेच पाहून राह्यले होते. त्यानं पेढा माह्या तोंडापुढं धरला. मी तोंड उघडलं — पेढा खायले.