सरासरीइतका पाऊस

मी दगडांवर काम करते म्हटलं की लोकांना हिरे-माणकं आठवतात. माझ्या वाट्याला येतो तो गाळ. साडेपाच कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी एकदा अशीच तापली होती. हवेत कार्बन वाढला, समुद्र कोमट झाले. त्या काळी नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा आता दगड झाला आहे. तो कुटायचा, त्यातली चिकणमाती वेगळी काढायची आणि तेव्हा पाऊस कसा पडत होता ते शोधायचं, हे माझं चेन्नईतल्या प्रयोगशाळेतलं काम. आमच्या धंद्यात माती आधी दातांखाली धरून बघतात. करकरली तर बारीक रेती, लोण्यासारखी लागली तर चिकणमाती.

चेन्नईतल्याच तिरुवल्लिकेणी भागात मी एका घराच्या माडीवर भाड्याने राहत होते. घरमालक गणिताचे निवृत्त मास्तर, पिढ्यान् पिढ्यांचे तंजावरचे मराठी. त्यांची मराठी मला अर्धी पोथीतली, अर्धी तमिळ वाटायची आणि माझी त्यांना रेडिओवरच्या बातम्यांसारखी. मी त्यांना काका म्हणायचे आणि ते मला, तिकडच्या रीतीने, अम्मा. एकदा गच्चीवर मला माती चावताना त्यांनी पाहिलं आणि आठवडाभर चिडवलं. "लेकरं माती खातात ते ठाऊक. शिकलेलीपण खातात की, अम्मा?"

गच्चीवर त्यांचं सरळ काठांचं एक पितळी भांडं असायचं. पाऊस थांबला की त्यात लाकडी पट्टी बुडवायची, पाणी किती चढलं ते वहीत लिहायचं आणि भांडं रिकामं करून पुन्हा ठेवायचं. लग्नाच्या वर्षापासूनचा हा नेम. मला मनातून हसू यायचं. प्रयोगशाळेत बसणाऱ्यांना घरगुती मोजमापाबद्दल एक तुच्छता असते आणि माझ्यात ती जरा जास्तच होती.

काकू खालच्या खोलीत अंथरुणाला खिळल्या होत्या. खुबा मोडल्यापासून नुसतं कुशीवर वळवलं तरी ओरडायच्या. ऑक्टोबरात, इथला पाऊस सुरू व्हायच्या आधी, काका वही काखेत मारून माझ्याकडे आले.

"हिला दोन महिने माडीवर आणू की? जिन्यावरून उचलून आणलं तर हिचे हाल बघवायचे नाहीत. खाली ठेवलं तर पाणी शिरेल म्हणून भय. तू पावसाचं शिकलीस, तू सांग."

मग त्यांनी वही उघडली. पावसाला ते तमिळमधलं मळैच म्हणायचे. "मळै तितकाच पडतो बघ, अम्मा. पण दिवस कमी झाले. महिनाभर पडायचा तो आता चार दिवसांत पडतो."

मी वहीकडे धड पाहिलंही नाही. लॅपटॉपवर हंगामाचा अंदाज काढला आणि सांगून मोकळी झाले, "सरासरीइतकाच आहे, काका. उगाच काकूंना कशाला त्रास?"

"सरि, ठीक," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. ते हसू मला अजून विसरता येत नाही.

कारण त्याच आठवड्यात माझ्या टेबलावर जे नमुने होते, त्यांत मऊ चिकणमातीच्या थरांमध्ये मुठीएवढे गोटे होते. संथ पावसाची नदी असले गोटे हलवू शकत नाही. त्या तापलेल्या काळात वर्षाचा पाऊस कदाचित फार वाढलाही नसेल, पण तो कोसळत होता. कोरडे महिने जायचे आणि मग एकाच लोटात डोंगर खाली यायचा. अहवालात मी स्वतः लिहिलं होतं की इथे सरासरीवर विसंबू नये. विद्यार्थ्यांना तेच बजावत होते. आणि काकांची वही नेमकं तेच सांगत होती, तेव्हा मी लॅपटॉपकडे बघत होते.

नोव्हेंबर कोरडा गेला. माझं बरोबर ठरलं म्हणून मी खूशही होते.

डिसेंबरातल्या एका सकाळी मात्र आभाळ फाटलं. दहाच्या सुमारास गल्लीतलं गटार उलटं वाहू लागलं आणि पाठोपाठ काकांची हाक आली. मी खाली धावले तोवर पाणी खाटेच्या वर चढलं होतं. पलीकडच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या पुरुषांच्या भाड्याच्या खोल्यांत, राहणारे दोघे नोकरदार धावत आले. काकूंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही जिना चढलो. प्रत्येक पायरीला त्या ओरडत होत्या. जे हाल चुकवायचे म्हणून मी त्यांना खाली ठेवायला लावलं, ते सगळे झाले, वर गटाराच्या पाण्याने त्या छातीपर्यंत भिजल्या होत्या.

दोन दिवस गल्लीत गाडी येईना. काकू माझ्या पलंगावर कण्हत होत्या. काकांनी एकदाच विचारलं, "तुझ्या त्या जुन्या काळी हे सगळं कसं निवळलं?"

मी सांगितलं, की पाऊस हवेतला कार्बन घेऊन खडकावर पडतो, खडक विरघळतो, नद्या ते सगळं समुद्रात नेतात आणि तळाशी चुनखडी होऊन बसते. तापलेली हवा तशी हळूहळू उतरते.

"किती दिवस लागले?"

"लाखावर वर्षं. आम्ही त्याला लवकर म्हणतो."

त्यांनी काकूंच्या पायावरची चादर नीट केली.

तिसऱ्या दिवशी रुग्णालयात नेलं तेव्हा न्यूमोनिया झाला होता. आठवड्याच्या आत काकू गेल्या. कोणी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

दिवसकार्य उरकल्यावर मी खालची खोली साफ करायला गेले. खाटेखाली बोटभर गाळ वाळून बसला होता, खाली जाड रेती आणि वर मऊ चिकणमाती. मी सवयीने चिमूट उचलली आणि तोंडाशी नेली. मग कळलं मी काय करते आहे, आणि ती तशीच टाकून भिंतीला टेकून रडले.

काका दारात उभे होते. हातात वही आणि पेन.

"त्या दिवसाचं लिहायचं राहिलं, अम्मा. भांडं भरून वाहत होतं, किती पडला ते कळेना. आजवर एक रकाना रिकामा सोडला नाही मी." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, तो मी शोधून पाहिला. "सरासरी काढून लिहू की? तू सांगशील तसं लिहितो."

आणि ऑक्टोबरात उभे होते तसेच, माझ्या उत्तराची वाट बघत ते उभे राहिले.