हिमाचलातलं भरीत

फैजपुरात भरिताची पार्टी ठरली की पहिला फोन लीलाधर भंगाळेला जातो. पाहुणे किती, मळा कुणाचा, हे सगळं नंतर. लीलाधर मोकळा असेल तीच तारीख. माणूस दिसायला किरकोळ, गळ्यात बारमाही मफलर; पण जाळासमोर बसला की भल्याभल्या केळीवाल्या बागायतदारांना हुकूम सोडतो. ‘तू काड्या आन. तू लसूण सोल. अन् तू काहीच करू नको, नुसता बाजूले हो.’ शेजारी या नात्यानं मी आजवर त्याच्या हातचं फुकट खात आलो आहे, तेव्हा त्याच्याविषयी चांगलं बोलणं मला भागच आहे. पण यंदाची गोष्ट काही चांगली नाही, आणि ती त्यानं स्वतःच मला सांगितली, खाली मान घालून.

गॅसवर भाजलेल्या वांग्याला तो भरीत म्हणतच नाही. ‘आजाऱ्याचं जेवण’ म्हणतो. बामणोदची वांगी हवीत आणि कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ हवा. या काड्यांची आमच्याकडे एक रीत आहे. कपाशी उपटली की काड्यांचे ढीग बांधावर पडलेले असतात. पार्टी कुणाच्याही मळ्यात असो, जवळच्या बांधावरून कवेत मावतील असे दोन कवळे उचलायचे आणि पेटवायचे. विचारायचं नसतं. विचारलं तर उलट मालकच चिडतो, ‘काड्यासाठी कोनी इचारतं का भो?’ म्हणून. जन्मभर अंगात मुरलेली ही सवय लीलाधर हिमाचलला सोबत घेऊन गेला.

जळगावचा कुंदन सहली काढतो. दिवाळीच्या सुट्टीत हिमाचल. आपल्या लोकांना बर्फ हिमाचलचा हवा असतो आणि भाजी मात्र घरच्या तिखटाची, म्हणून आचारी, पीठ, मसाला, तेलाचे डबे सगळं रेल्वेनं बरोबर जातं. यंदा कुंदननं लीलाधरला गाठलं. ‘दुरून डोंगर साजरे, तिथं थंडीनं तुझी बोटं झडतील,’ असं मी त्याला चिडवलं. त्यानं केळीच्या बागेतून दिसणाऱ्या सातपुड्यापलीकडे डोंगर पाहिला नव्हता. वांग्यांचे क्रेट मात्र त्यानं स्वतः निवडून भरले. शेवटच्या मुक्कामाला भरीत घालायचं, असं ठरलं होतं.

कुलूच्या बाजूला उंचावरच्या एका खेड्यात खेमराज नावाच्या माणसाचं लॉज होतं. तिथंच त्यांचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा मुक्काम. मंडळी दिवसभर हिंडायची आणि परत आली की एकमेकांना ऐकू जाणार नाही इतक्या जोरात सगळ्यांनी एकदम बोलायचं: नदीचं पाणी किती निळं, सफरचंद झाडाचं तोडून खाल्लं तर कसं कटकन मोडतं, हवा कशी, भूक कशी लागते. दिवाळीतही दुपारी पंखा लागणारी माणसं आम्ही. तिथं नाकाचा शेंडा गार पडला याचंच कौतुक. सोनगीरच्या मंजुळाबाई रोज सकाळी अंगणात उभ्या राहून नुसत्या श्वास घ्यायच्या.

लीलाधर हिंडायला गेला नाही. त्याला लॉजच्या मागच्या पडवीतून दिसेल तेवढंच हिमाचल, आणि तेवढंही त्याला पुरत होतं. पहाटे पाण्यात हात घातला की जीव जायचा, पण मग उजाडायचं आणि समोरचं शिखर आधी गुलाबी, मग पिवळं होत जायचं. तो कढईतला झारा हातात धरून तसाच बघत राहायचा. दोनदा पोहे करपले. लीलाधरचे पोहे करपले, हे फैजपुरात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

त्या पडवीला लागूनच जयवंतीअम्माचं घर होतं. एकटी बाई, सत्तरीची, डोक्याला रंगीत रुमाल बांधलेला. पहिल्याच सकाळी तिनं त्याला अक्रोड घातलेली, वाफेवर उकडलेली गरम रोटी आणून दिली. दुसऱ्या दिवशी यानं तिला शेवभाजी दिली. तिखटानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं तरी तिनं वाटी पुसून खाल्ली. मग रोजचंच झालं. हा कांदे चिरायचा आणि ती उन्हात बसून लोकर कातत बोलायची. लीलाधरचं हिंदी म्हणजे आनंद आहे, पण त्यांचं जमायचं.

तिला हिवाळ्याविषयी बोलायला फार आवडायचं. बर्फ खिडकीपर्यंत येतं, वाट बंद होते, आणि मग शेजारच्या बायका लोकर घेऊन तिच्याकडे येतात. घरात मधोमध लोखंडी तंदूर, म्हणजे घर ऊबदार ठेवणारी लाकडाची शेगडी. त्याच्याभोवती बसायचं, अक्रोड फोडायचे, कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या गाईचं काय. बाहेर आवाज म्हणून नाही. ‘भाईजी, असली मज़ा तो बर्फ में है,’ ती म्हणायची. मुलगा चंदीगडला चौथ्या मजल्यावर राहतो. तो दरवर्षी खाली ये म्हणतो. यंदा त्याच्याशी तिनं बोली केली होती: हिवाळाभर पुरेल एवढं लाकूड मी माझ्या पाठीवर आणून रचलं, तर मला इथंच राहू द्यायचं. कमी पडलं तर मी मुकाट्यानं खाली येईन. बर्फ वितळल्यापासून ती जंगलातून एकेक भारा आणत होती. ‘पूरा हो गया,’ तिनं सांगितलं आणि हातातली सूत कातायची चाती खालच्या वाटेवरच्या गोठ्याच्या दिशेनं हलवली.

लीलाधरचं अर्धं लक्ष फोडणीत होतं. तो ‘हां अम्मा, हां’ म्हणाला आणि मोहरी तडतडली का ते बघायला वळला.

शेवटच्या संध्याकाळी वांगी बाहेर निघाली आणि तेव्हा त्याच्या लक्षात आलं की काड्या नाहीत. कपाशीच नाही तर काड्या कुठल्या? कुंदन म्हणाला, ‘गॅसवर भाज ना, कोणाला कळतं?’ लीलाधरला हे असं लागलं, जसं कुणी त्याच्या आईवरून बोललं. तो लॉजच्या खालच्या वाटेनं निघाला. वळणावर एका पडक्या गोठ्याच्या भिंतीला टेकून छपराखाली लाकडं रचलेली होती, छातीइतकी उंच, एकसारखी फोडलेली, खडखडीत वाळलेली. आजूबाजूला ना घर ना माणूस. एवढी सुरेख रास बघून त्याला आनंदच झाला. त्यानं वर ओरडून कुंदनला विचारलं, ‘अठी लाकडं आहेत, घेऊ का?’ कुंदनचं उत्तर आलं, ‘घे रे, डोंगरात लाकडाला काय तोटा!’

आमच्या बांधावर असतं तसं त्यानं कवळा भरला. मग दुसरा. मग सहलीतले चार जण मदतीला आले.

जाळ असा झाला की लीलाधर आजही कबूल करतो, तसं भरीत त्याच्या हातून कधी झालं नव्हतं. मिरच्या त्याच जाळावर भाजल्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून कढत तेल, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. मंजुळाबाई पहिला घास घेऊन म्हणाल्या, ‘भरीत भेटनं ना भो, बठ्ठं भेटी गयं!’ म्हणजे सगळंच मिळालं. मग मोबाइलवर गाणी लागली. फोटोत जाळ मोठा दिसावा म्हणून कुणी कुणी आणखी लाकडं आणून टाकायला लागले. माणसं त्याभोवती नाचली. आपल्या माणसांना शेकोटी दिसली की काय होतं, हे मला सांगायला लावू नका.

अम्मा आली ती या गडबडीत. अंगणाच्या कडेला जरा वेळ उभी राहिली. लीलाधरनं मोठ्या हौसेनं तिला हाक मारली, पाट दिला, ताट वाढलं. ती जाळासमोर बसली. सगळं ताट तिनं संपवलं, वर आणखी एक पुरी मागून घेतली. ‘बहुत अच्छा बना है,’ म्हणाली. फक्त एकदा तिनं बाजूला पडलेलं, अजून न पेटवलेलं एक लाकूड उचलून आपल्या मांडीशी ठेवलं. लीलाधरला वाटलं, म्हातारीला थंडी वाजतेय. त्यानं हसत हसत ते तिच्या हातातून घेतलं आणि तिच्यासमोर जाळात टाकलं.

हे सांगताना तो थांबला. मफलरच्या दशा पिळत बसला.

सकाळी गाडी निघायच्या आधी केळीच्या वेफर्सची पुडी घेऊन तो अम्माचा निरोप घ्यायला गेला. ती घरात नव्हती. खाली वळणावर दिसली. त्या गोठ्याच्या भिंतीशी वाकून ती सालपटं आणि चुरा टोपलीत गोळा करत होती. रास गुडघ्याइतकी उरली होती. लीलाधर सांगतो, ‘भो, चार दिवस ते बाई माले तेच सांगत व्हती, अन् मी मोहरी पाहत व्हतो.’

खेमराज त्याच्या मागोमाग आला होता. तो रागावला नाही, हेच वाईट. त्यानं शांतपणे सांगितलं, की काल तुम्हाला थांबवायला मी निघालो होतो. अम्मानंच माझा हात धरला. म्हणाली, दूरवरून आलेत, वांगी आगीवर आहेत, अर्ध्या शिजल्या अन्नावरून पाहुण्याला कसं उठवायचं? लीलाधरनं खिशात हात घातला. खेमराजनं मान हलवली. आता या दिवसांत विकत मिळेल ते लाकूड ओलं. ते वाळणार पुढच्या वर्षी. गावात प्रत्येकाचं ज्याच्या त्याच्यापुरतंच असतं.

लीलाधर अम्मापुढे गेला, हात जोडले. माफी या शब्दापर्यंत तो पोचलाच नाही. अम्मानं टोपली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, ‘अरे भाईजी, जलाने के लिए ही तो होती है लकड़ी.’ वेफर्स घेतले. वरून कुंदनची गाडी हॉर्न देत होती. गाडीत लीलाधरनं त्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला, ‘जाऊ दे रे, करतील काहीतरी.’ सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथं तर सुंभही दुसऱ्याचाच जळला होता.

डिसेंबरात फैजपूरला भरिताचा मोसम रंगात आला. लीलाधर पार्ट्यांना जायचा, पण हुकूम सोडायचा नाही. काड्या उचलायच्या आधी बांधाचा मालक कोण म्हणून विचारत फिरायचा. लोक हसायचे, ‘आचाऱ्याले हिमाचलचं वारं लागलं’ म्हणायचे. शेवटी जानेवारीत एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला, मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, ‘तूच लाव. माह्यानं होत नही.’

मी खेमराजला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. अम्मा कशी आहे, विचारलं. मग तो म्हणाला की तुमचा फोन आला तर अम्मा इथंच आहे असं सांगायला तिनं मला बजावलंय; पण भाईसाब, माझ्यानं खोटं बोलवत नाही. पहिलं बर्फ पडलं त्याच आठवड्यात मुलगा येऊन तिला घेऊन गेला. तिच्या घराला कुलूप आहे.

लीलाधरनं चंदीगडचा नंबर मागून घेतला. तो त्यानं स्वतः लावला. अम्मानंच उचलला. आवाज ओळखून तिला किती आनंद झाला, ते मी माझ्या कानानं ऐकलं.

‘अम्मा, कहां है?’ त्यानं विचारलं.

‘और कहां? घर में,’ ती म्हणाली. ‘खिड़की तक बर्फ है. तंदूर के पास बैठी हूं, सब आई हुई हैं.’

तिच्या मागून गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. कुणाच्या तरी घरात टीव्ही लागला होता. खालून भाजीवाला ओरडत गेला. लीलाधरनं माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, आणि आपल्याला कळलंय हे तिला कळू द्यायचं नाही, एवढंच आता त्याच्या हातात उरलं होतं.

‘अच्छा है अम्मा,’ तो कसाबसा म्हणाला.

‘अगले साल फिर आना,’ अम्मा म्हणाली. ‘बैंगन लेकर आना. लकड़ी बहुत है.’

फोन माझ्या हातात देऊन लीलाधर ओट्यावर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. अम्मा पलीकडून ‘भाईजी, भाईजी’ करत राहिली. शेवटी त्याच्या वतीनं मीच हो म्हणालो.