एका दांड्याची शिडी

२०१८ साली मी सदुसष्ट वर्षांचा होतो आणि तोवर माझ्या कामात कुणी खोट काढली नव्हती. काढली ती तांडेलानं, आणि तीही डोळे मिटून. कोल्हापूरजवळ कळंब्याच्या माझ्या शेडमध्ये तो आला, रामराम झाला, आणि तयार होऊन उभ्या असलेल्या स्टीलच्या रेलिंगवर त्यानं डोळे मिटून तळहात फिरवत नेला. एका जोडापाशी थांबला. "मेस्त्रीनु, हय टोचता," म्हणाला. मी चष्मा लावून बघितलं, काही दिसेना. बोट फिरवलं तेव्हा कुठं केसाएवढी कड लागली. चार कामगार बघत होते. मला ते आवडलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

तांडेल म्हणजे होडी चालवणारा म्होरक्या. मालवणकडचा माणूस, पन्नाशीतला, हयात मासेमारीत गेलेली. आता जाळी विकून त्यानं अठरा फुटी फायबरची जुनी होडी घेतली होती. पाठीला हवेची टाकी बांधून पर्यटकांना समुद्राच्या तळाला न्यायचं, मासे दाखवायचे, वर आणायचं, हा धंदा त्याला करायचा होता. तिकडच्या एका हॉटेलात मी बसवलेल्या कठड्यावरून त्याचा हात फिरला होता, आणि तो हात त्याला विचारत विचारत माझ्यापर्यंत घेऊन आला. एवढ्या लांबून माणूस माझं काम हुडकत आला, तर मी छाती फुगवून बसलो.

होडी टेम्पोवरून घाट चढून आली आणि तीन आठवडे शेडपुढं टायरांवर बसून राहिली. येणारा-जाणारा विचारायचा, "काय मिस्त्री, पुढल्या पुराची तयारी लई लवकर?" तांडेल हसायचा आणि म्हणायचा, "पूर इलो तर तुमकाच पयलो घेतलंय."

टेपवर त्याचा भरवसा नव्हता. बसायच्या फळ्या किती उंच ठेवायच्या, हे ठरवायला त्यानं आमच्या वेल्डरच्या पाठीला वाळूचं पोतं बांधलं, त्याला होडीच्या काठावर पाठ बाहेर करून बसवलं आणि खाली उसाचा पाला पसरला. "आता मागे पड," म्हणाला. पाण्यात उतरायची तीच रीत म्हणे. वेल्डर सातदा पडला. रस्त्यावर ही गर्दी! माझी बायको पदरात तोंड घालून हसत होती. फळी दोन इंच खाली घेतली तेव्हा तांडेलाचं समाधान झालं. टाक्या उभ्या ठेवायच्या चौकटीला प्रत्येक खणात त्यानं सायकलच्या ट्यूबचं रबर लावून घेतलं, स्वतः बसून, एकेक खण हातानं चाचपत. "तळाक डोळ्यांचा काय काम नाय. थय हात बघता," असं तो म्हणायचा.

भांडण झालं ते शिडीवरून. त्यानं खडूनं फरशीवर काढून दाखवली. मध्ये एकच दांडा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी उघड्या पायऱ्या. मी म्हणालो, "ही शिडी हाय का माशाचं हाडूक?" कामगार हसले. त्यानं शांतपणे सांगितलं, पायात लांब रबरी पंख घातलेले असतात, बाजूला दांडे असले की ते अडकतात. पंख काढून चढायचं म्हटलं तर लाट थांबत नाही. दमलेला माणूस पाय आडवा सरकवून सुटला पाहिजे.

सगळं समजलं होतं मला. समजलं नाही असं मी तेव्हा कामगारांना सांगितलं, ते खोटं. पण मी तिसरीत शाळा सोडलेला माणूस, जे काही आहे ते हातातल्या कामावर आहे, आणि हा कोळी माझ्याच फरशीवर मला धडा गिरवून दाखवतोय, हे मला सोसेना. "चाळीस वर्षं विहिरींना शिड्या बसवाय लागलोय," मी ओरडलो. "एका पायाची शिडी माझ्या शेडमधनं जायाची न्हाय. पटत नसंल तर पावणं, होडी उचला आणि वाटंला लागा."

पावसाळा सरत आला होता, पर्यटक यायचे दिवस तोंडावर होते. होडी उचलून तो जाणार कुठं? हे मला ठाऊक होतं, म्हणूनच मी तसं बोललो. मी दोन दांड्यांची, जाड पाइपची शिडी केली. त्यानं तिच्यावरून हात फिरवला. कुठं टोचलं नाही. "घट्ट आसा," एवढंच म्हणाला आणि गेला.

दिवाळीच्या सुटीत एका पर्यटकाचा पंख त्या शिडीच्या पायऱ्यांत अडकला. तांडेल खाली बुडी मारून त्याचा पाय सोडवत होता. पाय सुटला, पण तेवढ्यात लाटेनं होडी उचलली आणि शिडीसकट त्याच्या खांद्यावर आणली. पर्यटकाला खरचटलंही नाही. तांडेलाच्या खांद्याचा चुरा झाला, त्याला कोल्हापूरला आणलं.

मी मोसंबी घेऊन गेलो. खाटेपाशी त्याचा भाचा होता, त्याच्याही याच धंद्यातल्या दोन होड्या. "मामा, झाला तरी काय?" तो विचारत होता. तांडेलानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "शिडी बरी आसा रे. माझोच अंदाज चुकलो." मी मोसंब्यांची पिशवी खाटेखाली सरकवली.

निघताना भाचा जिन्यापर्यंत सोडायला आला. "मेस्त्रीनु, मामा शिडी बरी म्हणतत. आमच्या दोन्ही होड्यांक तसलीच करून देवा."

मी म्हणालो, "करतो की."

त्या दोन शब्दांची मला जितकी लाज वाटते, तितकी शिडीचीही वाटत नाही.

तांडेल पुन्हा कधी पाण्यात उतरला नाही. जेटीवर दुसऱ्यांच्या टाक्या तपासून द्यायचा, एका हातानं. गेल्या साली तो गेला. आता माझ्या शेडमधनं कुठलंही काम बाहेर पडायच्या आधी मी डोळे मिटून त्यावरून हात फिरवतो. पोरं समजतात, म्हातारा पाया पडतोय.

तर त्या दिवशी "करतो की" म्हणून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेड न उघडता दवाखान्यात गेलो. भाचा चहा आणायला निघाला होता, त्याला दंडाला धरून खाटेपाशी परत आणलं आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात बोललो, "शिडी चुकीची हाय. ह्यानं मला सांगितलं हुतं, मी अंगातल्या मस्तीनं ऐकलं न्हाय. तुझ्या होड्यांना तसली शिडी लावायची न्हाय. खांदा माझ्यामुळं गेलाय ह्याचा."

तांडेल म्हणाला, "मेस्त्रीनु, हळू बोला. बाजूचो म्हातारो रातभर कळवळत होतो, आत्ता खय निजलो हा."

मग मी स्टूल ओढून बसलो आणि तेच सगळं पुन्हा, हळू आवाजात सांगितलं. ते जास्त जड गेलं.