उजव्या पायावर उतरताना

माझी मुलगी चाकांवर नाचते, असं मी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पातूरला, मी शिकवते त्या शाळेत, सगळ्या शिक्षिका हसल्या होत्या. स्केटिंग म्हणजे डोक्याला हेल्मेट लावून लावलेली शर्यत, एवढंच त्यांना माहीत. हे वेगळं. बुटाखाली चार चाकं, संगीत लावलेलं, आणि त्या तालावर गिरक्या, उड्या, एका पायावर मागे मागे घसरत जाणं. परदेशात बर्फावर करतात तेच. अकोल्यात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो, म्हणून आमचं सिमेंटवर.

तिचे सर अमरावतीचे, निवृत्त क्रीडाशिक्षक. त्यामुळे दर शनिवारी शाळा सुटली की मी अकोल्याला परतायचे, तिला घ्यायचे आणि आम्ही दोघी रेल्वेने बडनेऱ्याला उतरून ऑटोने राजापेठेत माझ्या बहिणीकडे मुक्कामाला जायचो. सराव रविवारी सकाळी. उन्हाळ्यात मैदान लवकरच तव्यासारखं तापायचं, म्हणून सर उजाडायच्या आत फाटकापाशी उभे असायचे.

राष्ट्रीय स्पर्धेत ज्युनिअर गटाचं सुवर्णपदक मिळालं तेव्हा ती दहावीत होती. तिच्या बाबांनी अकोला स्टेशनवर ताशेवाले आणले होते. मी लाजले, पण अडवलं नाही.

पुढच्या वर्षी ती मोठ्यांच्या गटात खेळणार होती. निवड चाचणी तोंडावर आलेली. त्या रविवारी सरांसमोर ती हवेत दोन गिरक्या घेण्याची उडी मारत होती. उडी छान उठली, पण उजव्या पायावर उतरताना चाक सिमेंटच्या सांध्यात अडकलं. आवाज मला बाकावर ऐकू आला. मी धावले. ती पाय धरून बसली होती, चेहरा पांढराफटक, आणि सरांना विचारत होती, “सर, चाक तुटलं का पाहा ना.”

चाक शाबूत होतं. घोटा मोडला होता.

शस्त्रक्रिया झाली, आत धातूची पट्टी आणि स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, “चालेल, धावेलसुद्धा. उड्यांचं मात्र मी सांगू शकत नाही.” तिच्या बाबांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. शेजारच्या काकू भेटायला आल्या, चहा घेतला आणि मला म्हणाल्या, “अवं ताई, पोरीची जात हाये. उद्या लग्नाचं पाहावं लागन. आता पुरे झालं हे.”

मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून आवाज आला, “काकू, पाहुणे पाहाले आले त मी स्केट घालूनच पोहे आणीन!”

मला हसू फुटलं. पाय प्लास्टरमध्ये असताना हे बोलणारी पोर माझी आहे, याचा मला फार अभिमान वाटला.

ती पुन्हा बुटांवर उभी राहिली तोवर बरेच महिने गेले होते. मधल्या काळात उंची वाढली होती, तोल बदलला होता. जी उडी झोपेत मारली असती तिच्यासाठी पाय उचलेना. सरांनी मैदानावरच्या पांढऱ्या वर्तुळाकडे बोट दाखवलं. “पोरी, इथून सुरू कर. एका पायावर, रेघ न सोडता.”

“सर, हे त लहान पोरं करतात.”

“मंग लहान पोरांसोबत कर.”

आणि तिने केलं. कंबरेइतक्या मुलांच्या रांगेत एके काळची राष्ट्रीय विजेती उभी राहायची. परतताना ऑटोत रडायची. एकदा मला बघवेना. मी विचारलं, “सोडायचं का, बाई?”

तिने ओढणीने नाक पुसलं. “काहून सोडायचं? मी रडून राहिली, आई. सोडून नाही राहिली.”

पहिल्या स्पर्धेत उतरली ती अमरावतीतच, आणि शेवटच्या क्रमांकावर आली. सरांनी उड्या वगळल्या होत्या, गुण कुठून मिळणार? घरी येताना मूर्तिजापूर जाईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग डब्यातली पोळी मागून घेतली आणि म्हणाली, “पाय दुखला नाही पण.” एवढंच. पोटभर जेवली आणि माझ्या खांद्यावर झोपली. ताशे वाजले होते त्या दिवशी वाटला नव्हता एवढा अभिमान मला त्या गाडीत वाटला.

उडी परत यायला आणखी एक उन्हाळा गेला. त्यानंतरच्या राज्य स्पर्धेत ती उडीच्या जागेवर आली, उठली आणि पडली. त्याच पायावर. सगळं मैदान ‘अरेरे’ म्हणालं. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती संगीत गाठून पुढे गेली होती. शेवटाकडे एक सोपी गिरकी ठरलेली होती. ती घेण्याऐवजी तिने पुन्हा तीच उडी मारली, आणि उतरली. उजव्या पायावर, हात पसरून, न डगमगता.

“हे मी सांगितलं नव्हतं,” सर नंतर रागावून म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते.

“तुमी नाही म्हणसान म्हणून विचारलंच नाही, सर.”

तिथे रौप्य मिळालं आणि राष्ट्रीय स्पर्धेचं दार उघडलं. तिथे ती पडली नाही. मोठ्यांच्या गटाचं सुवर्णपदक गळ्यात घालून ती मंचावरून उतरली, सरांच्या पाया पडली आणि जमिनीवरच बसून लेस सोडू लागली. घोटा सुजला होता. थंडीत आजही सुजतो. मी तिच्याजवळ बसले, पाय मांडीवर घेतला आणि त्यावर बर्फाची पिशवी धरली. फोटो काढणाऱ्या एका माणसाने मला विचारलं, “मॅडम, तुम्ही यांच्या फिजिओ का?”

“नाही,” मी म्हटलं, “मी हिची आई.” आणि हे मी जरा मोठ्यानेच म्हटलं.