झोयाचा चष्मा

"झोया, तू शत्रू. दुसरं कोण होणार?"

खाली आवारात मुलं लढाई खेळत होती. शाळेत कालच ख्रिस्ती-मुसलमानांची जुनी धर्मयुद्धं शिकवली होती. पुठ्ठ्याच्या ढालींवर लाल क्रूस रंगवले होते. मी गॅलरीतून बघत होते. झोया कुरकुरली नाही. तिने चष्मा काढून पायरीवर नीट ठेवला आणि तलवार लागण्याआधीच आडवी झाली. लढाई कुठलीही असो, शत्रू तीच; इतकी सवय झाली होती तिला.

जेरुसलेम कुठे आणि आमचं आवार कुठे! लढणारे कधीच मातीत गेले. त्यांचं वैर मात्र चालत चालत या मुलीपर्यंत आलं.

मी चारचौघांत बोलत नाही. तरी खाली गेले, चष्मा तिच्या हातात दिला.

"ऊठ झोया," मी म्हणाले, "आज मी मरते."